लिबेरोची कारकीर्द कशी घडते : मोनिका दे जेन्नारो

एका वडिलांनी विचारलं आहे. मुलगी चौदा वर्षांची, उंची पाच फूट एक इंच. व्हॉलीबॉलच्या शिबिरात प्रशिक्षकांनी तिला स्मॅशरच्या जागेवरून काढून लिबेरो, म्हणजे फक्त मागच्या रांगेत बचाव करणारी खेळाडू केलं, तेव्हापासून ती नाराज आहे. लिबेरो म्हणजे उंची नसलेल्या मुलीला संघात ठेवण्याची सोय आहे का, की त्यातही खरी कारकीर्द होते? आणि मोनिका दे जेन्नारो या इटालियन लिबेरोचं नाव सगळे घेतात, तिनं नेमकं काय केलं ते सविस्तर सांगाल का?

सांगतो. मुलींना व्हॉलीबॉल शिकवण्यात माझं बहुतेक आयुष्य गेलं आहे आणि हा प्रश्न दर हंगामात कुठल्या ना कुठल्या पालकाकडून येतोच. बहुतेक वेळा मी दे जेन्नारोचेच सामने बघायला सांगतो.

आधी थेट उत्तर. लिबेरो ही सोय नाही, ती संघाच्या खेळाची सुरुवात आहे. 2025 च्या जुलैमध्ये पोलंडमधल्या वूच शहरात महिलांच्या नेशन्स लीगची अंतिम फेरी झाली. इटलीनं ब्राझीलला 3-1 हरवलं. स्पर्धेतली सर्वोत्तम खेळाडू म्हणून नाव पुकारलं गेलं ते मोनिका दे जेन्नारोचं. वय 38. त्याच संघात पाओला एगोनू होती, मिरियम सिल्ला होती, एकेका सामन्यात वीस-वीस गुण काढणाऱ्या मुली होत्या. नियमानं जिला सर्व्हिस करता येत नाही, ब्लॉक करता, म्हणजे नेटपाशी उडी घेऊन समोरचा स्मॅश अडवता येत नाही, नेटच्या उंचीवरून चेंडू मारता येत नाही, अशा खेळाडूला हा मान मिळाला. महिलांच्या नेशन्स लीगमध्ये त्याआधी कुठल्याही लिबेरोला तो मिळाला नव्हता.

आता ही जागा नीट समजून घ्या, म्हणजे पुढचं कळेल.

आंतरराष्ट्रीय महासंघानं लिबेरो 1998 मध्ये आणली. त्याआधी मागच्या रांगेत ज्या येतील त्यांनीच चेंडू उचलायचा. उंच मुली मागे आल्या की प्रतिस्पर्धी त्यांच्यावरच सर्व्हिस टाकायचे आणि रॅली दोन-तीन टचमध्ये संपायची. रॅली लांबाव्यात, बचावाला किंमत यावी म्हणून वेगळ्या रंगाची जर्सी घालणारी ही खेळाडू आली. ती फक्त मागच्या रांगेत खेळते. बहुतेक संघांत मधली ब्लॉकर मागे आली की लिबेरो तिच्या जागी आत येते आणि ती पुढे जायची वेळ झाली की बाहेर पडते. ही अदलाबदल नेहमीच्या बदली खेळाडूंच्या संख्येत धरत नाहीत. तीन मीटरच्या रेषेच्या पुढे उभं राहून लिबेरोनं बोटांनी पास दिला तर तो चेंडू नेटच्या वरून मारता येत नाही. रेषेच्या मागून दिला तर चालतो. हा शेवटचा नियम लक्षात ठेवा, दे जेन्नारोच्या खेळात तो फार महत्त्वाचा आहे.

तिचा जन्म 8 जानेवारी 1987 चा. म्हणजे लिबेरो ही जागा खेळात आली तेव्हा ती अकरा वर्षांची होती. इटलीच्या दक्षिणेला, नेपल्सच्या खाडीकाठी सोरेंतोचं द्वीपकल्प आहे, ती तिथली. इटलीतलं महिलांचं मोठं व्हॉलीबॉल मात्र बरंचसं उत्तरेत आहे. त्यामुळे दक्षिणेतल्या मुलीला वर चढायचं तर लहान वयात घर सोडणं आलंच. तीही किशोरवयातच उत्तरेकडे व्हिचेन्झाला गेली, पुढे एड्रियाटिकच्या किनाऱ्यावर पेझारोला खेळली. या वर्षांबद्दल फार लिहिलं जात नाही, कारण लिबेरोच्या तरुणपणात बातमी होण्यासारखं काही घडत नाही. अठरा वर्षांची स्मॅशर एका सामन्यात तीस गुण काढते आणि दुसऱ्या दिवशी तिचं नाव होतं. अठरा वर्षांची लिबेरो चांगली खेळली तर सामना सुरळीत पार पडतो, एवढंच.

इटलीत या जागेची परंपरा आधीपासून होती. 2002 मध्ये बर्लिनला इटलीच्या मुली पहिल्यांदा विश्वविजेत्या झाल्या, त्या संघाची लिबेरो पाओला कार्दुल्लो होती. तिच्यानंतर राष्ट्रीय संघात स्थिर व्हायला दे जेन्नारोला वेळ लागला. जगाचं लक्ष तिच्याकडे खऱ्या अर्थानं गेलं ते 2014 मध्ये. जागतिक स्पर्धा इटलीतच होती, यजमान संघ चौथा आला, पदक हुकलं, पण सर्वोत्तम लिबेरो म्हणून निवड तिची झाली. तेव्हा ती 27 वर्षांची होती. तुमच्या मुलीचं वय चौदा आहे. हा हिशेब तिला जरूर सांगा.

2013 मध्ये ती कोनेल्यानोला गेली आणि तिथेच राहिली. व्हेनेतो प्रांतात, त्रेव्हिझो जिल्ह्यातलं हे छोटं गाव प्रोसेक्को वाइनच्या टेकड्यांसाठी प्रसिद्ध आहे. क्लब तेव्हा जेमतेम वर्षभराचा होता, स्थापनाच 2012 ची. घरचे सामने जवळच्या व्हिलोर्बामधल्या पालाव्हेर्दे या मैदानात होतात. पिवळी-निळी जर्सी, चाहत्यांच्या तोंडी नाव "पँथर्स". आज हा जगातला सर्वांत मजबूत महिला क्लब मानला जातो. ती तिथे गेली तेव्हा त्याच्या कपाटात इटलीची एकही लीग ट्रॉफी नव्हती.

पहिलं राष्ट्रीय विजेतेपद 2015-16 च्या हंगामात आलं, प्रशिक्षक दाविदे मात्सांती. मग 2018, 2019. कोविडमुळे 2020 ची लीग अर्धवट सोडावी लागली. त्यानंतर 2021 पासून 2025 पर्यंत ओळीनं पाच. डिसेंबर 2019 ते डिसेंबर 2021 या काळात संघानं सलग 76 सामने जिंकले. संघात खेळाडू येत-जात राहिल्या. एगोनू 2019 ला आली आणि 2022 ला गेली, तिच्या जागी स्वीडनची इसाबेल हाक आली. डच ब्लॉकर रोबिन दे क्राउफ अनेक वर्षं खेळून गेली. 2024 ला ब्राझीलची गाबी आणि चीनची झू तिंग आल्या. या सगळ्या बदलांत दोन जागा हलल्या नाहीत. सेटर, म्हणजे दुसऱ्या टचला स्मॅशरला चेंडू उचलून देणारी आपली लिफ्टर, पोलंडची योआन्ना वोवोश 2017 पासून, आणि लिबेरो दे जेन्नारो 2013 पासून. माझ्या मते या क्लबच्या यशाचं निम्मं रहस्य इथे आहे. पहिला टच कुठे जाणार हे दुसरा टच करणारीला आधीच माहीत असणं, ही गोष्ट पैशानं विकत घेता येत नाही. ती एकत्र खेळूनच येते.

हरलेल्या अंतिम लढतीही सांगायला हव्यात, कारण पालकांना फक्त ट्रॉफ्या दिसतात. युरोपच्या चॅम्पियन्स लीगची 2017 ची अंतिम लढत घराजवळ, त्रेव्हिझोला झाली आणि इस्तंबूलच्या वाकिफबँकनं त्यांना 3-0 नं हरवलं. 2019 ला बर्लिनमध्ये नोव्हारा या इटलीतल्याच क्लबकडून हार, आणि नोव्हाराकडून तेव्हा खेळत होती एगोनूच. पहिली चॅम्पियन्स लीग मिळाली 1 मे 2021 ला, व्हेरोनामध्ये, त्याच वाकिफबँकला पाच सेटमध्ये हरवून. पुढच्याच वर्षी पुन्हा अंतिम लढतीत त्यांच्याकडूनच हार. मग 2024 आणि 2025 ला परत विजेतेपद. क्लबच्या जागतिक स्पर्धा 2019, 2022 आणि 2024 ला जिंकल्या. दे जेन्नारो या प्रत्येक वेळी कोर्टवर होती.

आता ती नेमकं काय करते, ते बघू. हे समजलं तरच तुमच्या मुलीला उपयोग.

लोकांना लिबेरो म्हटलं की डाइव्ह आठवते. चेंडू जमिनीला टेकणार, तेवढ्यात मुलगी सूर मारून हात खाली घालते, टाळ्या पडतात. दे जेन्नारोही डाइव्ह मारते, पण तिच्या खेळाचं मोल तिथे नाही. एक हिशेब करा. स्मॅश ताशी 90 किलोमीटरनं आला तर तो सेकंदाला 25 मीटर जातो. नेटजवळून मारलेला चेंडू आठ मीटर मागे उभ्या असलेल्या लिबेरोपर्यंत यायला सेकंदाचा जेमतेम तिसरा भाग लागतो. डोळ्यानं बघून हात हलवायलाच त्यातला बराचसा वेळ जातो. मग धावायला वेळ उरतो कुठे? म्हणूनच चेंडू मारला जाण्याआधी योग्य जागी उभं राहावं लागतं, आणि ती जागा ओळखणं हीच खरी कला.

तिचा एखादा सामना लावा आणि चेंडूकडे अजिबात बघू नका, फक्त तिच्याकडे बघा. समोरच्या सेटरच्या हातात चेंडू येतो तेव्हा ती हलकेच एक-दोन पावलं सरकते. सेटरनं चेंडू कोणत्या बाजूला दिला हे कळताच पुन्हा सरकते. मग स्मॅशरची धाव कोणत्या कोनातून येते, खांदा कुठे उघडतो, आणि आपल्या ब्लॉकरचे हात कुठे आहेत, हे बघते. ब्लॉकनं लाइन, म्हणजे कडेच्या रेषेलगतचा सरळ मार्ग झाकला असेल तर ती क्रॉसमध्ये, म्हणजे तिरप्या मार्गावर असते, क्रॉस झाकला असेल तर लाइनकडे. ब्लॉकच्या सावलीत ती कधी उभी राहत नाही. आणि स्मॅशरचा हात चेंडूला लागण्याच्या क्षणी ती पूर्ण थांबलेली असते, दोन्ही पाय जमिनीवर, वजन पुढे. चेंडू अंगावर येतो. बघणाऱ्याला वाटतं, तिच्यावरच मारला की, यात काय विशेष? विशेष हेच आहे. सामान्य लिबेरोला तोच चेंडू सूर मारून घ्यावा लागला असता आणि पास भलतीकडे गेला असता.

आमच्याकडच्या शिबिरांत मुलींना आधी लोळायला शिकवतात, गुडघे-कोपरं सोलपटतात आणि त्यालाच बचाव म्हणतात. डाइव्ह यायलाच हवी, पण ती शेवटचा उपाय म्हणून. आधी पाय आणि डोळे.

दुसरी गोष्ट रिसेप्शनची, म्हणजे सर्व्हिस घेण्याची. माझ्या मते लिबेरोची खरी परीक्षा इथे होते, बचावात नाही. बचावात चेंडू वर उडाला तरी पुष्कळ. रिसेप्शनमध्ये तो सेटरच्या डोक्यावर, नेटपासून हातभर मागे, ठरलेल्या उंचीवर जावा लागतो. तसा गेला तर सेटरपुढे मधली, डावी, उजवी आणि मागची, असे सगळे पर्याय उघडे राहतात आणि समोरच्या ब्लॉकला अंदाज येत नाही. दोन मीटर इकडे-तिकडे गेला की मधला पर्याय संपला. आणखी लांब गेला की बाजूला उंच चेंडू देणं एवढंच हातात उरतं, आणि तिथे दोन-तीन ब्लॉकर वाट बघत उभे असतात.

इटालियन संघांत सर्व्हिस घ्यायला साधारण तीन जणी असतात, दोन बाहेरच्या स्मॅशर आणि लिबेरो. कोर्ट नऊ मीटर रुंद. तिघींनी समान वाटून घेतलं तर प्रत्येकीला तीन मीटर येतं, पण दे जेन्नारो कधी समान वाटून घेत नाही. शेजारची मुलगी पुढच्या रांगेत असेल, तिला लगेच स्मॅशला धावायचं असेल, तर ही तिच्या हद्दीत सरकून अर्धा-एक मीटर जास्त घेते. दोघींच्या मधोमध येणारा चेंडू, ज्यावर "तुझा की माझा" होऊन गुण जातात, तो बिनदिक्कत तिचा असतो. सर्व्हिस करणारीला मग कोपरा तेवढा उरतो, आणि तिथे मारायला गेलं की चेंडू बाहेर जाण्याची भीती. ज्या स्मॅशरचं रिसेप्शन कच्चं आहे अशा मुलीलाही प्रशिक्षक संघात घेऊ शकतो, कारण शेजारी ही आहे. लिबेरोच्या नावावर गुण लागत नाहीत, पण संघात कोण खेळू शकेल हे बऱ्याच अंशी तिच्यावर ठरतं.

फ्लोट सर्व्हिसला, म्हणजे न फिरता हवेत डगमगत येणाऱ्या चेंडूला, ती अनेकदा पुढे येऊन बोटांनी घेते. पहिल्या टचला एकाच हालचालीत चेंडू दोनदा लागला तरी नियम माफ करतो, त्यामुळे यात धोका वाटतो तेवढा नसतो. हातांच्या फळीवर घ्यायचा झाला तर फळी लवकर तयार होते आणि मग हलत नाही. चेंडूची दिशा ती खांद्याच्या कोनानं देते, हात झटकून देत नाही. मुलींना मी नेहमी एवढंच बघायला सांगतो, चेंडू लागल्यावर तिचे हात कुठे थांबतात. लागला तिथेच थांबतात.

तिसरी गोष्ट तो मघाचा नियम. रॅलीत पहिला चेंडू सेटरलाच उचलावा लागला तर दुसरा टच कोण करणार? अशा वेळी दे जेन्नारो पळत येते, तीन मीटरच्या रेषेमागून उडी घेते आणि हवेतूनच बोटांनी स्मॅशरला चेंडू देते. रेषेमागून उडालेली असल्यामुळे नियमात बसतं. हा पास नुसता "वर टाकला" असा नसतो, स्मॅशरला पूर्ण ताकदीनं मारता येईल असा असतो. म्हणजे सेटर अडकली तरी हल्ला थांबत नाही. लिबेरो ही दुसरी सेटर असते, हे आपल्याकडे फार थोडे प्रशिक्षक शिकवतात.

आणखी एक काम टीव्हीवर दिसतच नाही, ते म्हणजे कव्हर. आपली स्मॅशर मारायला उडते, चेंडू समोरच्या ब्लॉकवर आपटून आपल्याच कोर्टात पडतो. तो उचलायला ती स्मॅशरच्या पायापाशी, जवळजवळ बसलेली असते. पाचपैकी चार वेळा काहीच होत नाही आणि ती उठून परत जागेवर जाते. पाचव्या वेळी चेंडू तिच्या हातावर पडतो आणि रॅली वाचते. एगोनूसारखी खेळाडू निर्धास्त मारू शकते त्यात या पाचव्या वेळेचा मोठा वाटा आहे.

राष्ट्रीय संघाकडे वळतो. 2016 ला रिओ ऑलिंपिकमध्ये इटली गटातच बाद झाली. 2018 ला जपानमधल्या जागतिक स्पर्धेत संघ अंतिम लढतीपर्यंत गेला, योकोहामाला सर्बियाकडून पाच सेटमध्ये हरला, दे जेन्नारो पुन्हा सर्वोत्तम लिबेरो. 2021 च्या उन्हाळ्यात टोकियो ऑलिंपिकच्या उपांत्यपूर्व फेरीत सर्बियानंच तीन सरळ सेटमध्ये घरी पाठवलं. महिन्याभरात बेलग्रेडला, सर्बियाच्या घरच्या प्रेक्षकांसमोर, इटलीनं त्यांना हरवून युरोपचं विजेतेपद घेतलं. 2022 ला नेशन्स लीग जिंकली, जागतिक स्पर्धेत कांस्य मिळालं.

आणि मग 2023. ती 36 वर्षांची होती, क्लबमध्ये सगळं जिंकत होती, आणि युरोपियन स्पर्धेच्या संघात तिचं नाव नव्हतं. राष्ट्रीय प्रशिक्षक तेच मात्सांती, ज्यांच्या हाताखाली तिनं कोनेल्यानोचं पहिलं विजेतेपद मिळवलं होतं. संघ तरुण करायचा हा विचार समजू शकतो. पण लिबेरोच्या बाबतीत वयाचा निकष स्मॅशरसारखा लावणं मला तेव्हाही पटलं नव्हतं. स्मॅशरची उडी तिशीनंतर कमी होते, खांदा कुरकुरतो. लिबेरो नेटवर उडत नाही, शेकडो स्मॅश मारत नाही. तिचं भांडवल म्हणजे समोरचा काय करणार याचा अंदाज, आणि तो दर वर्षी वाढतो. कमरेची, मांड्यांची ताकद राखली तर पस्तिशीनंतरची लिबेरो पंचविशीतल्या लिबेरोपेक्षा सरस असू शकते. त्या स्पर्धेत इटली उपांत्य फेरीत तुर्कियेकडून पाच सेटमध्ये हरली आणि चौथी आली. त्या हंगामानंतर मात्सांती गेले.

2024 साठी प्रशिक्षक आले हुलिओ व्हेलास्को. मूळचे अर्जेंटिनाचे, नव्वदच्या दशकात इटलीच्या पुरुष संघाला जगज्जेतं करणारे. त्यांनी दे जेन्नारोला परत बोलावलं. जूनमध्ये बँकॉकला नेशन्स लीग जिंकली. ऑगस्टमध्ये पॅरिस ऑलिंपिक. पहिल्या सामन्यात डोमिनिकन रिपब्लिकनं एक सेट घेतला, त्यानंतर अख्ख्या स्पर्धेत इटलीनं एकही सेट दिला नाही. सर्बिया 3-0, तुर्किये 3-0, आणि 11 ऑगस्टच्या अंतिम लढतीत अमेरिका 25-18, 25-20, 25-17. इटलीच्या महिला व्हॉलीबॉलचं ते पहिलंच ऑलिंपिक पदक, आणि तेही सुवर्ण. सर्वोत्तम लिबेरो कोण हे सांगायची गरज नाही.

त्या तुर्कियेच्या सामन्याबद्दल थोडं. तुर्कियेचे प्रशिक्षक होते दानिएले सांतारेल्ली. हेच सांतारेल्ली 2017 पासून कोनेल्यानोचे मुख्य प्रशिक्षक आहेत आणि दे जेन्नारोचे पतीही. म्हणजे हिवाळाभर नवरा बाकावर आणि बायको कोर्टवर, एकाच संघात, आणि उन्हाळ्यात समोरासमोर. ऑलिंपिकच्या उपांत्य फेरीत पत्नी जिंकली. तिची प्रत्येक सवय, ती कोणत्या बाजूला आधी झुकते हे ज्या माणसाला जगात सर्वांत जास्त माहीत आहे, त्याच्या संघाविरुद्ध ती अशी खेळली. मला तिच्या कारकिर्दीतला हा सर्वांत अवघड सामना वाटतो, गुणफलक काहीही सांगो.

पॅरिसनंतर ती थांबेल असं अनेकांना वाटलं. त्याऐवजी पुढचा हंगाम तिच्या आयुष्यातला सर्वांत भरगच्च ठरला. कोनेल्यानोनं 2024-25 मध्ये सुपरकप, क्लबची जागतिक स्पर्धा, इटालियन कप, लीग आणि चॅम्पियन्स लीग, असं खेळलेलं सगळं जिंकलं. मे महिन्यात इस्तंबूलला चॅम्पियन्स लीग उचलली, जुलैमध्ये वूचची नेशन्स लीग आणि तो सर्वोत्तम खेळाडूचा मान. सप्टेंबरमध्ये बँकॉकला जागतिक स्पर्धा. उपांत्य फेरीत ब्राझीलविरुद्ध पाच सेट. 7 सप्टेंबरला अंतिम फेरीत समोर कोण, तर पुन्हा तुर्किये आणि पुन्हा सांतारेल्ली. 25-23, 13-25, 26-24, 19-25, 15-8. बर्लिननंतर 23 वर्षांनी इटली विश्वविजेती झाली, सलग 36 वा विजय नोंदवून. सर्वोत्तम लिबेरो दे जेन्नारो. 2014, 2018 आणि 2025 : पहिल्या आणि शेवटच्या निवडीत अकरा वर्षांचं अंतर आहे. त्यानंतर तिनं राष्ट्रीय संघाचा निरोप घेतला, क्लबचा नाही.

जून 2024 ते सप्टेंबर 2025 या पंधरा महिन्यांत क्लब आणि देश मिळून नऊ मोठ्या स्पर्धा तिनं जिंकल्या. वय 37 आणि 38.

आता तुमच्या मुलीबद्दल. एक गोष्ट स्पष्ट सांगतो : दे जेन्नारोची उंची सुमारे 173 सेंटीमीटर आहे, म्हणजे पाच फूट आठ इंच. एगोनू सहा फूट चार इंच, म्हणून तिच्याशेजारी ती लहान दिसते. उंचीचा काही फायदा लिबेरोलाही असतो, हात लांब पोचतात. पण डोमिनिकन रिपब्लिकची ब्रेंडा कास्तियो पाच फूट सहा इंचांच्या आसपास आहे आणि तीही या जागेवर जगातल्या उत्तम खेळाडूंत गणली गेली. उंची कमी असणं हा लिबेरोचा गुण नव्हे, आणि मोठा दोषही नव्हे.

चौदाव्या वर्षी तिला फक्त लिबेरोच्या साच्यात बसवू नका. प्रशिक्षकांशी बोला आणि सरावात तिला स्मॅश मारू द्या, सर्व्हिस करू द्या, सेटरचं काम करू द्या. स्मॅशर काय विचार करते हे ज्या मुलीनं स्वतः स्मॅश मारून अनुभवलं आहे तिलाच तो विचार समोरून वाचता येतो. बोटांचा पास रोज, कंटाळा येईपर्यंत, आणि तीन मीटरच्या रेषेमागून उडी घेऊन. रिसेप्शनची वही ठेवा. प्रत्येक पासाला गुण द्या. सेटरला जागा सोडावी लागली नाही तर तीन, थोडी सोडावी लागली तर दोन, नुसता वर उडाला तर एक, हातातून गेला तर शून्य. इटालियन संघांत हेच काम डेटा व्हॉली नावाच्या सॉफ्टवेअरवर सामना चालू असताना होतं. आपल्याला वही पुरते. आठवड्याची सरासरी काढली की मुलीला स्वतःची प्रगती आकड्यात दिसते. स्मॅशरला टाळ्यांमधून जे कळतं ते लिबेरोला या वहीतून कळतं, म्हणून ही वही घरच्यांनी लिहिली तर अधिक चांगलं.

आणि बोलायला शिकवा. लिबेरो मागून सगळं कोर्ट बघते. "माझा", "बाहेर", "ड्रॉप येतोय", "लाइन सोडली" हे शब्द तिच्या तोंडून वेळेवर निघाले पाहिजेत. 2021 पासून आंतरराष्ट्रीय नियमांत लिबेरोला कर्णधारही होता येतं. शांत स्वभावाच्या मुलींना हे बोलणं जड जातं, पण सरावात रोज मोठ्यानं बोलायला लावलं की अंगवळणी पडतं.

ती स्मॅश मारता येणार नाही म्हणून नाराज आहे, ते स्वाभाविक आहे, लगेच समजूत काढत बसू नका. बँकॉकच्या त्या अंतिम सामन्याचा पाचवा सेट तिच्यासोबत बघा. पहिल्यांदा नेहमीसारखा बघा. दुसऱ्यांदा बघताना तिला सांगा की फक्त वेगळ्या रंगाच्या जर्सीकडे नजर ठेवायची आणि इटलीचा प्रत्येक गुण सुरू होताना पहिला हात कोणाचा लागला ते वहीत लिहायचं.